हापशाकडे नुसतं बघितलं म्हणजे हीरो परत आला काय?

खानापूरचा पाऊस
परवा एकानं इथं लिहिलं होतं, "दुसऱ्या भागात जुना हीरो आला, शिट्ट्या पडल्या, तिकिटाचे पैसे वसूल. कथा बघायला जातोय कोण?" एका ओळीत उत्तर मावेना, म्हणून हा धागा.

शिट्टी पाडणं ही कारागिरी आहे, आणि ती आता सगळ्यांना येते. आधी चपला किंवा बूट, मग मूठ, मग पाठ. चेहऱ्याच्या अगोदर क्षणभर सगळा आवाज बंद, मग जुनी धून. चेहरा दिसल्यावर पाच-सहा सेकंद कुणाच्या तोंडी वाक्य द्यायचं नाही, कारण थिएटरात ते ऐकूच येत नाही. कुठलाही बरा एडिटर हे जुळवून देतो. ही झाली हजेरी. याला परत येणं म्हणत नाहीत.

पहिल्या सिनेमानं मागं ठेवलेली उधारी अंगावर घेऊन माणूस आला, तर तो परत आला. 'दृश्यम'चा विजय साळगावकर २०१५ला केबलवाला होता, २०२२ला थिएटरचा मालक आहे. चार पैसे आलेत. पण पोलीस स्टेशनच्या फरशीखाली जे पुरलंय ते तिथंच आहे आणि पोरगी अजून दचकते. त्याच्यासाठी टाळ्या पडतात त्या शेवटाला, हा बाबा सात वर्षं स्वस्थ बसलाच नव्हता हे कळल्यावर.

आता 'सिंघम' घ्या. २०११ला बाजीराव सिंघमची नायिका काव्या होती, २०१४ला अवनी आली. काव्याचं काय झालं? कुणी विचारायचं नाही. बाजीराव परत आला, त्याचं आयुष्य मात्र बसस्टँडवरच राहिलं.

निपाणीकर
ते वाक्य माझंच होतं, आणि मी मागं घेत नाही.

मास्तर, 'गदर' विसरलात. २००१ला तारासिंगनं हापसा उपटला. २०२३ला तो घेरलेला असताना हापशाकडे नुसता बघतो, आणि समोरचा जमाव पळत सुटतो. आता हिशेब करा. पुन्हा उपटला असता तर नक्कल झाली असती. हापसा दाखवलाच नसता तर बावीस वर्षं थांबलेला प्रेक्षक चिडून उठला असता. नुसती नजर! पळणाऱ्यांनी जणू पहिला भाग बघितलाय. उधारी फेडणं म्हणतात ते हेच की. तुमच्या साळगावकरानं सांगाडा बदलून जे केलं तेच यानं एका नजरेत केलं.

चिकोडीची सूनबाई
सांगाडा बदलला हे इथं लिहायची काय गरज होती ओ?

निपाणीकर
वैनी, सिनेमा येऊन वर्षं झाली.

खानापूरचा पाऊस
हापशाची नजर चांगली आहे, मान्य. पण ती दोन मिनिटं सोडून बाकीचं बोला ना. पूर्वार्धात तारासिंग किती वेळ गायब आहे? तेवढ्यात पोराचं प्रेमप्रकरण. हीरोला राखून ठेवणं आणि हीरो नसल्याची जागा कशानं तरी भरणं यात फरक आहे. राखून ठेवायचा तर त्याच्या नसण्याचं काहीतरी अडायला पाहिजे. घरात, गावात, शत्रूच्या डोक्यात. पडद्यावर नसतानाही तो जाणवला पाहिजे.

चिकोडीची सूनबाई
मग काव्याचा नियम मुन्नाभाईला पण लावा. २००३ला डॉक्टर सुमन, २००६ला तिचं नावसुद्धा नाही, थेट जान्हवी. तिथं तुम्हाला का खटकत नाही? सिंघमनं केलं की बसस्टँड, मुन्नानं केलं की कला?

खानापूरचा पाऊस
अक्का, यात पकडलंत. माझ्यापुरतं उत्तर असं, की 'लगे रहो' पहिल्याची पुढची गोष्ट आहे असं म्हणतच नाही. मुन्ना आणि सर्किट ही जोडी तेवढी उचलली, बाकी पाटी कोरी. सिंघमला मात्र जुना मानमरातब पाहिजे आणि जुना संसार नको. पण नियमात भोक आहे, हे कबूल.

शहापूर वेस
सगळे हिंदीतच अडकलाय. कर्नाटकात राहून कन्नड 'आप्तरक्षक' कुणाला आठवू नये? २००४च्या 'आप्तमित्र'मधला डॉक्टर विजय २०१०ला परत आला, पण त्याच्या आधी, ३० डिसेंबर २००९ला, ते काम करणारे विष्णुवर्धन गेले होते. नागवल्ली या नर्तकीचं काम केलेल्या सौंदर्या तर पहिला भाग लागायच्या आधीच गेल्या. दिग्दर्शक पी. वासूंनी काय केलं बघा. नागवल्लीचं चित्र दुसऱ्या घरात नेलं आणि विष्णुवर्धनना डॉक्टर आणि राजा अशी दोन कामं दिली. ओढ चित्राची, बाई नसली तरी चालतं. दुसऱ्या भागात माणूस कमी पडला तर वस्तू पुढं करायची, हा धडा आहे.

अनगोळ नाका
आमच्याकडं तेच 'झपाटलेला'नं केलं. १९९३ ते २०१३, मधे २००४ला लक्ष्मीकांत बेर्डे गेले. दुसऱ्या भागात लक्ष्याचा मुलगा आहे, पण लोक आले तात्या विंचूसाठी. बाहुला तोच, दिलीप प्रभावळकरांचा आवाज तोच. आवाज बदलला असता तर लाकूड उरलं असतं. 'टाइमपास २'मध्ये तर दगडूचा चेहराच बदलला. मोठा झालाय म्हणून समजून घेतलं, पण तिसऱ्याला प्रथमेश परबलाच परत आणावं लागलं.

आणि खरा प्रश्न वेगळाच आहे. इथली निम्मी पोरं 'केजीएफ' हिंदीत बघतात. मग परत कोण आला? यश, का त्याला हिंदीत आवाज देणारा?

शहापूर वेस
कन्नड कळत असताना हिंदीत बघणाऱ्यांना हा प्रश्न विचारायचा हक्क नाही.

अनगोळ नाका
कळत नाही म्हणून बघतात, मिजाशीनं नव्हे. आणि मराठीत क्वचितच कुणी डब करून देतं.

कॅम्पातला साउंडवाला
भांडा, पण डबिंगचं काम नीट समजून भांडा.

प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात. जवळच्या शॉटमध्ये ती जुळलीच पाहिजेत, बाकी स्वर थोडे इकडेतिकडे चालतात. कन्नड, हिंदी, मराठी तिन्हींत क्रियापद शेवटी, त्यामुळं जोर बरोबर जागेवर पडतो. अडचण लांबीची. कन्नडमध्ये प्रत्यय चिकटून शब्द लांबतो, हिंदी वाक्य लवकर संपतं, ओठ हलत राहतात. मग शेवटी 'समझे', 'हां' अशी पाचर मारतात. ती पाचर 'केजीएफ'च्या रॉकीच्या तोंडी आली की त्याचा तुटकपणा गेला.

दुसरं म्हणजे, संवाद एका ट्रॅकवर आणि संगीत व बाकी आवाज वेगळ्या ट्रॅकवर मिळाले तर ठीक. वेगळे मिळाले नाहीत तर पावलं, दार, कापडाची सळसळ सगळं नव्यानं करावं लागतं. मग वर सांगितलेल्या एन्ट्रीतल्या चपलाच वेगळ्या वाजतात!

म्हणून शहाणे निर्माते आवाज बदलत नाहीत. प्रभासला 'बाहुबली'च्या दोन्ही भागांत हिंदी आवाज शरद केळकरांचा, 'पुष्पा'च्या दोन्ही भागांत श्रेयस तळपदेंचा. दोघेही आपलेच. हिंदीवाल्यांचा अर्धा हीरो मराठी आहे, आणि मराठीत मात्र डब क्वचितच.

शहापूर वेस
'केजीएफ'मध्ये तर मूळ कन्नडातच आवाज बदलला. पहिल्या भागात गोष्ट अनंत नाग सांगतात, दुसऱ्यात प्रकाश राज. कारण पटण्यासारखं दिलंय, बापाच्या जागी मुलगा. पण अनंत नाग रॉकीबद्दल बोलायचे तेव्हा दंतकथा वाटायची. प्रकाश राज बोलले की पुरावा वाचून दाखवल्यासारखं वाटतं. रॉकी तोच राहून लहान झाला.

निपाणीकर
रॉकी लहान झाला?? थिएटरात उभं राहायला जागा नव्हती. आणि धागा हीरोचा होता, आता ओठांचं व्याकरण सुरू झालंय.

कॅम्पातला साउंडवाला
मग व्याकरण सोडून इतिहास घ्या. कर्नाटकात १९६०च्या दशकापासून कन्नडमध्ये डबिंगच होऊ देत नव्हते. स्पर्धा आयोगानं त्याविरुद्ध निकाल दिला तो २०१५ला. तोवर रिमेक हाच रस्ता. म्हणून मूळ मल्याळम 'दृश्यम' कन्नडमध्ये 'दृश्य' झाला, २०१४ला, रविचंद्रनना घेऊन, दिग्दर्शक पुन्हा पी. वासूच. आणि २०२१ला 'दृश्य २'मध्ये बाप म्हणून रविचंद्रनच आले. मल्याळममध्ये मोहनलाल, तेलुगूत व्यंकटेश, हिंदीत देवगण, प्रत्येक भाषेत ज्याचा त्याचा बाप परतला. तमिळमध्ये कमल हासन यांचा 'पापनाशम' झाला, दुसरा भाग आलाच नाही. दुसरा नट घेऊनही तो कुणी केला नाही. नट बदलला की गुन्हा दुसऱ्याचा होतो.

खानापूरचा पाऊस
हे शेवटचं वाक्य मला सुचायला हवं होतं. उधारी नावावर असते ती ही अशी.

निपाणीकर
घ्या, मास्तर जिंकले. कथा पाहिजे, उधारी पाहिजे, आवाज पाहिजे, ओठ पाहिजेत. फक्त बाबूराव आपटेचं एक सांगा. 'फिर हेराफेरी'त त्याच्यावर कसली उधारी होती? पहिल्यात पैसे मिळाले, दुसऱ्यात एकवीस दिवसांत दुप्पट करायला गेले आणि बुडाले, परत शून्य. तरी लोक तोच भाग पुन्हा पुन्हा बघतात.

चिकोडीची सूनबाई
एकवीस दिवसांत दुप्पट म्हटल्यावर आपल्या भागात तो माहितीपट म्हणून बघतात ओ.

खानापूरचा पाऊस
बाबूरावला वेगळा धागा काढा. तो दुसऱ्या भागात जास्त ओरडतो, आणि ते का बिघडलं यावर मला बरंच बोलायचंय.