मदत हवी आहे: मामेभावाला आत टाकलंय, जामीन होतो का? (सांगली)

वारणाकाठ: काल रात्री नाकाबंदीत मामेभावाची पोलिसाशी झटापट झाली. आज कोर्टात नेलं ते परत सोडलंच नाही. मामी रडून हैराण. ३५३ ला (सरकारी कामात अडथळ्याचं कलम) जामीन होतो का नाही, एवढंच सांगा. ग्यान नको.

मिरजकर: कलमं कोणती? पीसीआर (पोलीस कोठडी) मिळाला का एमसीआर (न्यायालयीन कोठडी)? एफआयआर हातात आहे का?

अण्णा_इस्लामपूर: ३५३ म्हणजे ५ वर्षं, केस सेशन्स कोर्टाला. आमच्या मेव्हण्याला लई दिवस काढावे लागले. आधी अटकपूर्व जामीन टाका.

काळा_कोट: अण्णा, अटक झाल्यावर कसला अटकपूर्व? आणि १ जुलै २०२४ पासून आयपीसीचं ३५३ संपलं. आता भारतीय न्याय संहितेचं १३२, शिक्षा २ वर्षांपर्यंत. ५ वर्षं ही महाराष्ट्राची जुन्या कलमातली दुरुस्ती. अजामीनपात्र आहेच, म्हणजे ठाण्यात हक्काने सुटका नाही, मॅजिस्ट्रेटकडे मागायचा.

सायकलवाला: हेल्मेट होतं का पण?

हक्क_माझा: २०१४ चा अर्नेश कुमार निकाल वाचा. ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक करता येत नाही, आधी नोटीस.

मिरजकर: निकाल बरोबर आहे, पण पोरगं आता लॉकअपमध्ये आहे. धागाकर्ते, विचारलं त्याचं उत्तर द्या.

वारणाकाठ: परवापर्यंत पीसीआर. एफआयआरमध्ये १३२ आणि १२१(१). पोलिसाच्या बोटाला दोन टाके पडलेत, त्यात काय एवढं.

काळा_कोट: त्यातच सगळं आहे! १२१(१) म्हणजे दुखापत, ५ वर्षांपर्यंत. वैद्यकीय दाखला मागून बघा. परवा पीसीआर वाढवून मागितला तर वकिलाने विरोध करायचा. एमसीआर झाला की त्याच दिवशी जामीन अर्ज टाका. सरकारी वकिलांचा से (लेखी म्हणणं) येईपर्यंत एखादी तारीख जाईल. तिथे फेटाळला तर सेशन्स. ६० दिवसांत चार्जशीट आली नाही तर जामीन हक्काचा, पण त्यावर विसंबू नका. आधीच्या केसेस आहेत का?

वारणाकाठ: गणपतीत डीजेची एक आहे. ती धरतात व्हय?

मिरजकर: धरतात! वकिलाला आजच सांगा. जामीनदार कोण? सातबारा कुणाच्या नावावर?

वारणाकाठ: मामाच्या. सोसायटीचा बोजा आहे त्यावर.

अण्णा_इस्लामपूर: द्राक्षवाल्याचा उतारा कोरा असतोय होय? दुसरा बघा. आमचा मेव्हणा सेशन्सलाच सुटला, तेवढं ध्यानात ठेवा.