विषय: बहिणीची रजा संपतेय, उरलेल्या दुधाचं काय?

मंडळी, नमस्कार.
धाकटी बहीण पुण्यात असते, हिंजवडीला नोकरी. २६ आठवड्यांची रजा संपत आली. बाळ अजून अंगावरच पितं. दूध भरपूर, काढून फ्रीजरमध्ये साठवतेय. पण साहेब म्हणाले, "वेगळा वेळ मिळणार नाही, जेवणाच्या सुट्टीत उरका." जास्तीचं दूध कुणा गरजू बाळाला द्यावं असं तिला फार वाटतं, सासूबाई म्हणतात, दुसऱ्याच्या लेकराला दिलं की आपलं आटतं. पुण्यातलं कुणी सांगू शकेल?

---

उत्तर:

अरे, मी वर्षातले सहा महिने पुण्यात असते. नोकरी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात झाली, म्हणून लिहिते.

आधी साहेब. कायद्यानुसार (आधी १९६१चा मातृत्व लाभ कायदा, नोव्हेंबर २०२५पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता) बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या द्याव्याच लागतात, आणि त्या जेवणाच्या सुट्टीखेरीज. २०१७च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा जास्त कर्मचारी असले की पाळणाघरही हवं. तिने एचआरला मेल करून लेखी मागावं. तोंडी मागितलं की उपकार केल्यासारखं देतात. कडी लागणारी खोली, खुर्ची आणि प्लग, एवढंच लागतं. बाथरूम दाखवलं तर नाही म्हणायचं.

काढलेलं दूध झाकणाच्या डब्यात, तारीख घालून, फ्रीजच्या दारात नको, आत मागे ठेवावं. फ्रीजमध्ये (फ्रीजरमध्ये नव्हे) चार दिवस टिकतं. वर सायीसारखा थर येतो, तो पाहून आजी "नासलं" म्हणून ओतून देतात. हलक्या हाताने हलवलं की मिसळतो. गॅसवर तापवू नये, डबा कोमट पाण्यात ठेवावा. पाजायला वाटी-चमचा उत्तम.

सासूबाईंना सांग, दूध आटतं ते छाती भरलेली तशीच राहिली तर. जितकं निघतं तितकं बनतं. फक्त आधी आपल्या बाळाचं पोट.

आता दान. त्यासाठी मातृदुग्ध पेढी असते, म्हणजे आयांनी दिलेलं दूध तपासून, साठवून गरजू बाळांना देणारी जागा. आशियातली पहिली १९८९मध्ये मुंबईत शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. पुण्यात ससूनला आहे, दीनानाथ मंगेशकरमध्येही आहे. आईची एचआयव्ही, कावीळ ब, सिफिलिस अशा तपासण्या होतात, दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं ठेवून लगेच थंड करतात आणि जंतू नाहीत ना ते बघून गोठवतात. घरी साठवलेलं घेतील का, हे फोन करून विचारावं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परस्पर कुणाला देऊ नये, त्यातून संसर्ग जाऊ शकतो. आणि पैशाचा विषयच नाही: आईच्या दुधाची विक्री चालणार नाही, हे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) २०२४मध्ये पुन्हा बजावलंय.

एक किलोच्या बाळाला नळीतून एकेका वेळी दोन मिली देतो रे आम्ही. आई आयसीयूत, तिला दूध उतरलेलं नाही, अशा वेळी पावडरचं दूध दिलं तर आतड्याला गंभीर इजा होण्याचा धोका वाढतो. तुझ्या बहिणीच्या एका पिशवीत अशा बाळाचे पहिले काही दिवस निघतात. द्यायला सांग तिला.

---

मावशी, मेल तसाच तिला पाठवला. तिला थायरॉइडची गोळी चालू आहे, मग दूध घेतील का?

---

पेढीतल्या डॉक्टरांना गोळीचं पाकीट दाखवावं, ते ठरवतील. दान करायचं म्हणून गोळी मात्र बंद करू नये.