फिटची गोळी आणि घबराटीची गोळी सोबत

परभणीच्या ताईंनी विचारलंय, वडिलांना फिटसाठी कार्बामाझेपिन चालू आहे, घबराटीसाठी अल्प्राझोलाम दिली तरी गुण का येईना? ताई, कारण यकृतात आहे. कार्बामाझेपिनमुळे तिथली विकरं (औषध मोडणारी द्रव्यं) वाढतात आणि अल्प्राझोलाम लवकर उतरते. म्हणून मनानं दुसरी गोळी वाढवू नका. व्हॅल्प्रोएट (फिटचीच दुसरी गोळी) आणि लोराझेपाम (घबराटीची दुसरी गोळी) यांचं उलटं असतं. लोराझेपाम रक्तात साठते, डोस निम्मा करावा लागतो. खरा धोका गोळी एकदम बंद पडण्याचा. गावात मिळाली नाही, नांदेडला जाणं लांबलं, की दोन-तीन दिवसांत झटका येऊ शकतो. पाकिटात आठ गोळ्या उरल्या की लगेच चिठ्ठी घेऊन निघा. दारू पूर्ण बंद. हलवूनही नीट जागे होत नसतील, श्वास मंद वाटला, तर थेट १०८.