मायक्रो-एक्सआरएफ (बारीक क्ष-किरण शलाकेने मूलद्रव्यं मोजण्याची पद्धत): गाठ आणि चरबीयुक्त ऊतीतल्या जस्ताची तुलना कशाने भागून करावी?

स्तनाच्या गाठीचे व शेजारच्या निरोगी ऊतीचे गोठवलेले, २० मायक्रॉनचे छेद आहेत. ४ मायक्रॉनच्या पॉलिप्रोपिलीन फिल्मवर घेऊन फ्रीझ-ड्राय केलेत. काचेत स्वतःचंच जस्त आणि लोह असतं, म्हणून काचपट्टी टाळली. फॉर्मालिन नाही, ओसीटी (गोठवताना ऊती धरून ठेवणारं माध्यम) फक्त तळाशी. ऱ्होडियमची क्ष-किरण ट्यूब, शलाका केंद्रित करणारी पॉलिकॅपिलरी, निर्वात कक्ष.

जस्ताचा ८.६४ केईव्हीचा पीक स्वच्छ मिळतो. थिन-फिल्म स्टँडर्डवरून (जस्ताचं प्रमाण माहीत असलेला पातळ थर) क्षेत्रीय घनता, म्हणजे दर चौ.सेंमी वस्तुमान, काढता येते; ब्लँक, म्हणजे नुसती, फिल्मही मोजली आहे. अडचण पुढे आहे. गाठीत ८० टक्क्यांच्या आसपास पाणी धरलं, तर वाळल्यावर जेमतेम ०.४ मिग्रॅ/चौ.सेंमी उरतं, चरबीत पाणीच कमी, तिथे त्याच्या चौपट वस्तुमान राहतं. त्यामुळे कॉम्प्टन पीकने (नमुन्यावरून विखुरलेल्या क्ष-किरणांचा पीक, एकूण वस्तुमानाचा मापक) भागलं की गाठ-निरोगी गुणोत्तर एकदम फुगतं. फिल्मचं वस्तुमानही ०.३६, म्हणजे जवळपास गाठीइतकंच! तिचं विकिरण वजा केलं की गुणोत्तर आणखी चढतं आणि गाठीकडच्या आकड्यांतली अनिश्चितताही वाढते.

प्रथिनांचा मापक म्हणून गंधकाने भागून पाहिलं. फरक बराच उतरला, पण गंधकाच्या २.३१ केईव्हीच्या पीकला स्व-शोषण (नमुन्यानेच स्वतःचा सिग्नल शोषणं) नगण्य मानता येत नाही, आणि चरबीत गंधकाचा सिग्नल फारच क्षीण.

छेद पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी एच-अँड-ई रंगांनी रंगवायचे आहेत, म्हणून विरघळवून आयसीपी-एमएस (द्रावणातली मूलद्रव्यं मोजणारी पद्धत) करणं शक्य नाही. सिंक्रोट्रॉनही (अतितीव्र क्ष-किरण देणारं मोठं यंत्र) उपलब्ध नाही.

अशा विषम जोड्यांत तुम्ही भाजक कोणता घेता: फिल्म वजा केलेला कॉम्प्टन, शोषण-दुरुस्त गंधक, की तुलना फक्त ग्रंथी-ऊतीच्या पिक्सेलपुरतीच ठेवता? शेवटचं करत असाल तर ते पिक्सेल रंगवण्याआधीच कशावरून वेगळे काढता?