मासळी कुठे लागेल हे ठाऊक नसताना होडी कोणत्या अंगाला न्यायची?

प्रश्न
अर्थशास्त्रज्ञ गॉर्डन यांच्या १९५४ च्या लेखात अशी मांडणी आहे की जिथे मिळकत जास्त तिथे होड्या वळतात आणि गर्दी वाढत जाऊन अखेर सगळीकडची सरासरी मिळकत सारखी होते. असे असेल, तर लहान होडीवाले मच्छीमार कमी मासळीच्या ठरावीक जागीच वर्षानुवर्षे का जातात? ही निव्वळ सवय म्हणावी काय?

उत्तर १
मी स्वतः जाळी टाकतो, म्हणून सांगतो. इंधन उधारीवर भरलेले असते आणि दोन फेऱ्या लागोपाठ रिकाम्या गेल्या तर तिसरी निघतच नाही. त्यामुळे लांबच्या पाण्यात कधीतरी लागणाऱ्या घबाडापेक्षा जवळच्या जागी रोज सुटणारा खर्च मोलाचा ठरतो. शिवाय जागा एकदाच ठरत नाही. उधाण (मोठी भरती-ओहोटी) आहे की भांग (लहान भरती-ओहोटी), यावरून निघताना फक्त दिशा ठरते. पुढचे पाण्याचा रंग आणि पक्षी पाहून. पहिले जाळे वर येताच मी मासे मोजण्याआधी ते कोणत्या बाजूने आणि किती उंचीवर अडकले आहेत ते पाहतो, कारण थवा कुठून कुठे चालला होता हे त्यावरूनच कळते.

उत्तर २
वरील अनुभवाला एक जोड देतो. मेक्सिकोच्या आखातातील व्यावसायिक नौकांच्या नोंदींवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की एरवी नव्या जागा धुंडाळणारे आणि ओळखीच्या जागा न सोडणारे यांच्या कमाईत विशेष फरक नव्हता, मात्र २००९ मध्ये काही क्षेत्र मासेमारीला बंद झाले तेव्हा धुंडाळणाऱ्यांना त्याची झळ कमी बसली. अर्थात त्या नौका मोठ्या होत्या; एका दिवसाच्या इंधनावर निघणाऱ्या होडीला तेवढे फिरणे परवडेलच असे नाही.

प्रश्नकर्ता
मग ही धुंडाळणी दुसऱ्यावर सोपवून फोनवरून बातमी घेता येत नाही काय?

उत्तर १
घेता येते, परंतु खरी जागा भावकीत किंवा बातमीची परतफेड करणाऱ्यालाच सांगितली जाते. इतरांना मिळते ते अर्धे उत्तर, तेही उशिरा. तोवर तिथे दहा होड्या उभ्या असतात. म्हणून मी बोलण्यापेक्षा परतणारी होडी पाण्यात किती बसली आहे ते पाहतो.