कपाटाच्या दारावरचा कागद: मास्टर्स स्पर्धेनंतरचे अनुभव

राज्य मास्टर्स (म्हणजे प्रौढांची, वयोगटांनुसार होणारी) जलतरण स्पर्धा होऊन आठ दिवस झाले. पदकं गळ्यात घालून काढलेले फोटो सगळ्या ग्रुपांवर फिरून झाले, अभिनंदनाचे अंगठेही मोजून झाले. माझ्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने जानेवारीत चिकटवलेला एक कागद आहे: '१०० ब्रेस्ट, १:४५ च्या आत.' (शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोक, एक मिनिट पंचेचाळीस सेकंदांच्या आत.) तो काढावा की राहू द्यावा, हे ठरत नाहीये. म्हणून हा धागा.

आधी माझं सांगतो. पुणे, ५०–५४ गट. टायमिंग १:४७.६, तिसरा नंबर, कांस्य. गटात एकूण किती जण होते हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तीन होते. आई म्हणाली, "तिसरा म्हणजे चांगलाच की रे!" आणि पदक देवघरात नेऊन ठेवलं.

माझा सराव वर्षभर २५ मीटरच्या तलावात. तिथे शंभर मीटरला तीन टर्न मिळतात, म्हणजे तीनदा भिंतीला पाय लावून काही मीटर जवळजवळ फुकट. स्पर्धेच्या ५० मीटरच्या तलावात टर्न एकच. हे गणित मला माहीत नव्हतं असं नाही, पण पंच्याहत्तर मीटरवर भिंत आलीच नाही तेव्हा ते खरं कळलं. पहिले पन्नास ४८ सेकंदांत गेलो. शेजारच्या लेनमधला मागे पडताना दिसला, त्यामुळे चेव आला होता. (तो ६५ च्या गटातला होता, हे नंतर कळलं. इथे हीट, म्हणजे एका वेळी पोहणाऱ्यांच्या तुकड्या, टायमिंगवर लावल्या होत्या, वयावर नाही.) परतीचे पन्नास ५९.६. दोरीवरच्या पंधरा मीटरच्या खुणेनंतर हात पुढे जात होते, मी जात नव्हतो.

आणि १:४५ हा आकडा तरी कुठला? गेल्या वर्षीच्या दुसऱ्या नंबरचा. म्हणजे वर्षभर रोज सकाळी मी टॉवेल काढताना दुसऱ्याचंच टायमिंग वाचत होतो. आता वाटतं, दोन पन्नासांमधला फरक सहा सेकंदांच्या आत, असं काहीतरी लिहावं. पण त्यात मजा नाही. भाच्याला सांगितलं तर तो जांभई देईल.

तुम्ही लिहा. पदकं किती, ते नको. ठरवलं काय होतं, झालं काय, आणि स्पर्धेनंतर पहिल्यांदा तलावावर गेलात तेव्हा डोक्यात काय होतं, ते सांगा.

ठाणे, महिला ६०–६४

माझं ध्येय ऐकून हसू नका. मला ब्लॉकवरून, म्हणजे काठावरच्या उंच चौथऱ्यावरून, सूर मारायचा होता.

पोहायला शिकले ४९ व्या वर्षी, मुलीला क्लासला सोडून काठावर स्वेटर विणत बसायचा कंटाळा आला म्हणून. स्पर्धेत उतरून पाच वर्षं झाली. मास्टर्समध्ये ब्लॉकवर चढलंच पाहिजे असं नाही, काठावरून उडी मारता येते किंवा पाण्यात उतरून भिंतीला पाय टेकून सुरुवात करता येते. मी चार वर्षं पाण्यातूनच सुरुवात केली. नियमात बसतं, कुणी काही म्हणत नाही. पण सगळ्या वर उभ्या आणि आपलं एकटीचं डोकं खाली पाण्यात, हे दर वर्षी लागायचं.

यंदा चढले. तो ब्लॉक खालून बघताना एवढासा दिसतो हो! वर गेल्यावर पाणी दुसऱ्या मजल्यावरून बघितल्यासारखं वाटतं. पायाची बोटं कडेला अडकवली, गुडघे कापत होते, ते थंडीने असं मनाला सांगितलं. शिट्टी, मग 'टेक युवर मार्क्स', मग भोंगा. मी उडी मारली की पडले, ते व्हिडिओत बघूनही ठरत नाही. सूनबाई म्हणते, "आई, उडीच आहे." गॉगल सरकून तोंडावर आला आणि पन्नास मीटर मी डोळे मिटून, एक चष्मा ओठांत धरून पोहले. शेवटची आले. बाहेर आल्यावर पंच बाईंनी हात दिला आणि म्हणाल्या, "गॉगलचा पट्टा कॅपच्या आत घ्या." एवढी साधी गोष्ट पाच वर्षांत कुणी सांगितली नव्हती!

सोमवारी गेले तेव्हा सरांनी विचारलं, आता काय? मी म्हटलं, काही नाही, तेच. अजून वीसदा मारायचा. जपानच्या मिएको नागाओका ऐंशी ओलांडल्यावर गुडघ्यासाठी पोहायला लागल्या आणि २०१५ मध्ये शंभराव्या वर्षी १५०० मीटर पूर्ण केलं, सव्वा तासाच्या वर थोडा वेळ लागला. मला कुठे घाई आहे?

कोल्हापूर, ४५–४९

आमचं डीक्यू झालं, म्हणजे बाद ठरवलं. ५० ब्रेस्ट. भिंत दिसली आणि एक हात आधी लागला.

नियम पाठ होता. ब्रेस्ट आणि फ्लायला (बटरफ्लायला) दोन्ही हात एकाच वेळी लागायला पाहिजेत, हे मी क्लबातल्या पोरांना शिकवतो. पण मी शिकलोय विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. तिथं कडेला पोचलं की एका हातानं कपार धरायची, नायतर परत मधी. आमच्या काकांचं तत्त्व असं की दम लागल्यावर जो कपार सोडतो त्याला दुपारचं जेवण नाही. चाळीस वर्षांची सवय हो. पंचांनी हात वर केला तेव्हा मला राग आला नाही, काकांची आठवण आली.

आमच्याबी कपाटावर कागद लागलाय. दोनच शब्द: 'दोन हात.'

नाशिक, महिला ३५–३९

मी जरा कडवट लिहिणार आहे. धागा बिघडला तर माफ करा.

शाळेत असताना मी राज्य पातळीवर पोहायचे. पंधराव्या वर्षी १०० फ्री (फ्रीस्टाइल) १:०४. ते कात्रण आईने लॅमिनेट करून ठेवलंय. मग बारावी, इंजिनिअरिंग, नोकरी, लग्न, दोन बाळंतपणं. गेल्या वर्षी परत पाण्यात उतरले. बरं, उतरल्यावर दोन महिन्यांत आमचा तलाव दुरुस्तीसाठी बंद झाला आणि चार महिने बंदच राहिला. रोज सकाळी गाडी काढून बावीस किलोमीटरवरच्या एका शाळेच्या तलावात जायचे, तिथे अर्धा तास मिळायचा, तोही तीन लेनमध्ये चाळीस मुलं असताना.

स्पर्धेत १:२१ आलं. गटात दुसरी. लोक अभिनंदन करत होते आणि मी चेंजिंग रूममध्ये नळ सोडून रडत होते. सतरा सेकंद! कुणाला सांगणार की मी रौप्य मिळालं म्हणून रडत्येय?

ज्या गोष्टीने बरं वाटलं ती अगदी मामुली आहे. घरी येऊन जुनी वही शोधली, त्यात तेव्हाच्या सरावाची नोंद होती: आठवड्याला सहा दिवस, सकाळ-संध्याकाळ. माझे हल्ली आठवड्याला तीन अर्धे तास. मग वहीत नवीन पान काढलं आणि वर तारीख टाकली. जुन्या पानांना स्टेपलर मारला. आई म्हणाली, "कात्रण काढून ठेवू का?" म्हटलं, असू दे, तुझं आहे ते.

सध्या ध्येय १:१८. पण खरं म्हणजे चौथा अर्धा तास कुठून आणायचा, हेच ध्येय आहे. नवऱ्याने गुरुवारचा डबा करायचं कबूल केलंय. बघू.

कॅलिफोर्निया, ४० च्या पुढचा

थोडं हलकं. इथे हिवाळ्यात स्पर्धा यार्डांच्या तलावात होतात. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. मी १०० फ्री १:०९ केलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं. बाबांनी ते मीटर समजून अख्ख्या सोसायटीत सांगितलं. आता मला खरंच मीटरमध्ये १:०९ करावं लागणार आहे, कारण डिसेंबरात भारतात येतोय आणि सोसायटीचे सेक्रेटरी स्वतः पोहतात.

आणखी एक गंमत. इथे यार्डाच्या स्पर्धेला स्पर्धेच्या शेवटच्या दिवशीचं वय धरतात, मीटरच्या स्पर्धेला ३१ डिसेंबरचं. माझा वाढदिवस नोव्हेंबरात. म्हणून यंदा वसंतात मी ४४ चा होतो आणि उन्हाळ्यात ४५ चा.

मालवण

मी समुद्रातला. चिवला किनाऱ्यावरच्या स्पर्धेत दर डिसेंबराक असतंय. तलावात पहिल्यांदाच उतरलो, ४०० फ्री. आठ हातांनंतर डोकं वर काढून खुणेच्या तरंगत्या बोया शोधायची सवय, ती तलावातही सुटेना. काठावरची पोरं हसत होती: काका, समोर भिंतच आहे! तळाची काळी रेघ बघून पोहायचं, हे माका अजून कंटाळवाणं वाटतं. पण डोकं वर काढलं की कंबर बुडते हे व्हिडिओत साफ दिसलं, आणि तसंच समुद्रातही होत असणार. एवढ्यासाठी पुढच्या वर्षी परत येणार.

दादर, ७५–७९

सगळं वाचलं. ठाण्याच्या ताईंनी सूर मारला, फार बरं वाटलं.

माझ्या गटात मी एकटाच होतो. तीन सुवर्णं. विरोधक नसताना जिंकलेल्या निवडणुकीसारखं वाटतं, म्हणून त्याविषयी लिहीत नाही. आमच्या वयात लोक वय लपवत नाहीत, उलट पाच वर्षं कधी पुरी होतात त्याची वाट पाहतात. नव्या गटात आपण सर्वांत तरुण! ऑस्ट्रेलियाचे जॉर्ज कोरोनिस २०१८ च्या फेब्रुवारीत ५० फ्री ५६.१२ सेकंदांत पोहले, १००–१०४ गटात. तेव्हा ते अजून ९९ चेच होते, पण वय ३१ डिसेंबरचं धरतात ना. मला ८० ला अजून दोन वर्षं आहेत.

माझं दुखणं मेडले रिलेचं आहे, ज्यात चौघे एकेक वेगळा स्ट्रोक पोहतात. रिलेत चौघांच्या वयाची बेरीज करून गट ठरतो: २४० ते २७९, २८० ते ३१९, असे. गेल्या वर्षी आम्ही चौघे ७७, ७३, ७० आणि ६५. बेरीज २८५. २८० च्या गटात दुसरे आलो आणि त्या दिवशी इराण्याकडे बसून ठरवलं, पुढच्या वर्षी पहिला नंबर. आमचा ७३ चा गडी बॅकस्ट्रोकवाला. एप्रिलमध्ये तो गेला. झोपेतच. आदल्या दिवशी सकाळी तलावावर होता, माझ्याकडून साबण घेऊन गेला होता.

यंदा ५८ वर्षांचा एक होतकरू मुलगा घेतला. पोहतो छान. पण बेरीज झाली २७३, म्हणजे खालचा गट, आणि तिथे साठीच्या आतबाहेरचे दांडगे. शेवटून दुसरे आलो. पुढच्या वर्षी आमचे तिघांचे ७९, ७२, ६७ होतील, मुलाचे ५९. बेरीज २७७. तीन वर्षं कमी पडतात! रात्री पडल्या पडल्या ही बेरीज करतो मी. सोमवारी तलावावर गेलो तेव्हा डोक्यात हेच होतं. चौथा माणूस पुढच्या वर्षअखेर ६२ चा तरी पाहिजे, आणि बॅक येणारा पाहिजे. बाकी काही अट नाही. ही जाहिरात समजा.

नाशिक, महिला ३५–३९

काका, साबणाचं वाचून थांबले जरा.

धागाकर्ता

दादरकर काका, आमच्या क्लबात एक जण ६३ चे आहेत, पण ते फक्त ब्रेस्ट पोहतात आणि पुण्याबाहेर जात नाहीत. विचारतो तरी.

डोंबिवली

नमस्कार. मी फक्त वाचतो, इथे पहिल्यांदाच लिहितोय. पुढच्या मार्चमध्ये ६२ पूर्ण होतील. रिटायर झाल्यापासून रोज पोहतो. बॅकस्ट्रोक येतो, तोच बरा येतो, कारण पाण्यात तोंड घालायला मला अजून आवडत नाही. पण स्पर्धा कधी केली नाही. टर्न अजिबात येत नाही, ब्लॉकवरून उडीही मारता येत नाही.

दादर, ७५–७९

बॅकवाला सगळ्यांत आधी जातो आणि सुरुवात पाण्यातूनच करतो. ५० मीटरच्या तलावात पन्नासच जायचं असतं, टर्न लागत नाही. भिंतीच्या पाच मीटर अलीकडे वर झेंड्यांची दोरी असते, ती दिसली की हात मोजायचे, म्हणजे डोकं आपटत नाही. किती हात, ते आपण एका सकाळी मोजून घेऊ. डोंबिवलीहून पहिली फास्ट किती वाजताची आहे?