खुडूक कोंबडी रात्री अंड्यांवरून उठते. अंगावर मात्र काहीच सापडत नाही

प्रश्न
आमच्या परसात २२ गावरान कोंबड्या असून खुराडे जुन्या फळ्या आणि बांबूचे आहे. गेल्या पंधरवड्यात अंडी निम्म्यावर आली, तुरे फिकट पडले आणि अंड्यांवर बसवलेली खुडूक कोंबडी रात्री उठून कोपऱ्यात उभी राहू लागली. दिवसा पिसे उलटून पाहिली, राखही चोळली. एकही किडा दिसला नाही. हा कोणता आजार असावा?

उत्तर १
दिवसा पाहिलेत, म्हणूनच दिसले नाही. लाल माइट हा गोचिडासारखा अगदी बारीक जीव दिवसभर खुराड्याच्या भेगांत दडून राहतो, रात्री कोंबडीवर चढून रक्त पितो आणि पोट भरताच परत फटीत शिरतो. उपाशी असताना तो करडा दिसतो, रक्त प्यायल्यावर लाल. आज रात्री दहानंतर बॅटरी घेऊन जा आणि कोंबड्या बसतात त्या दांडीच्या खालच्या बाजूने पांढरा कागद दाबून फिरवा. कागदावर रक्ताचे बारीक फराटे उमटले, तर शंका उरत नाही. राख किंवा औषध केवळ कोंबडीला लावून हा सुटत नाही, कारण त्याचे घर खुराडे आहे. आमची दोन वर्षे हे न कळल्यामुळे वाया गेली आणि पिल्लेही दगावली.

उत्तर २ (पशुवैद्यक)
वरील निदान मला योग्य वाटते. उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंत या माइटला साधारण एक आठवडा पुरतो, शिवाय फवारणीने त्याची अंडी सहसा मरत नाहीत. म्हणून पाच ते सात दिवसांनी दुसरी फवारणी करावीच लागते. खुराडे काही आठवडे रिकामे ठेवण्याचाही उपयोग नाही, कारण तो अन्नाविना कित्येक महिने जगतो. औषध आणि त्याचे प्रमाण आपल्या पशुवैद्यकाला विचारूनच ठरवा आणि अंडी किती दिवस खाऊ नयेत, हेही त्याच वेळी विचारून घ्या. शेतीतली फवारणीची औषधे कृपया वापरू नका. २०१७ मध्ये नेदरलँड्स व बेल्जियममध्ये याच माइटवर फिप्रोनिल हे कीटकनाशक बेकायदा वापरले गेले, त्याचा अंश अंड्यांत उतरला आणि लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली.

प्रश्नकर्ती
कागद लाल झाला. दांडी उपसली तेव्हा बांबूच्या पोकळ टोकात करड्या भुकटीसारखा थर होता आणि बोट लावताच तो चालू लागला. गवत जाळले, फळ्यांच्या सांध्यांत उकळते पाणी ओतले आणि पशुवैद्यकांनी दिलेल्या औषधाची पहिली फवारणी केली.

उत्तर १
बांबू पुन्हा बसवू नका. तासलेली, भेग नसलेली गोल दांडी घ्या आणि भिंतीच्या फटी चुन्याने लिंपून टाका. खुडूक कोंबडीला मात्र दुसरी फवारणी होऊन खुराडे पूर्ण वाळेपर्यंत पडवीत, नव्या गवताच्या टोपलीत बसवा.